कुसाबाईचा जळका तांबड्या

चहा कपातच निवला. पल्लवीनं तो पुन्हा गरम करून आणला, तोही निवला. कुसाबाई ओसरीवरून उठायची, चपला पायांत सरकवायची, मळ्याच्या कडेला जळक्या पत्र्यांखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारायची आणि परत यायची. आली की बसायची, पण बूड टेकतंय न टेकतंय तोच पुन्हा उठायची. पडदा वर जाण्याआधी विंगेत उभ्या राहिलेल्या नटाचं असंच होतं. पाठ असलेलं सगळं विसरल्यासारखं वाटतं आणि पाय काही केल्या एका जागी ठरत नाहीत.

"आत्याबाई, बसा ना जरा," पल्लवी म्हणाली. तिच्या माहेरी काय किंवा इथं काय, सून सासूला आत्याबाईच म्हणते. "निवृत्ती मिस्त्री निघालाय सातपूरवरून. चांदवड काय जवळ हाय का? तुम्ही रस्त्याकडं बघून तो लवकर येणार हाय?"

"मी कुठं रस्त्याकडं बघू राह्यले? कोंबड्या बघू राह्यले."

"कोंबड्या आपल्याकडं नायत."

"म्हणून तर बघू राह्यले, कुणाच्या शिरल्या का मळ्यात."

पल्लवी हसली आणि आत गेली. कुसाबाई उठली आणि पुन्हा तांबड्याकडे निघाली.

तांबड्या हे त्या ट्रॅक्टरचं नाव. नाव बैलाचं, कारण तो आला तेव्हा बैलांची जोडी विकूनच आला होता, आणि घरातलं दावणीचं नाव रिकामं राहू द्यायचं नाही असं कुसाबाईच्या नवऱ्यानं, सावळीरामनं, ठरवलं होतं. परदेशी बनावटीचा, दोन सिलिंडरचा, नाकाडा, लाल ट्रॅक्टर. आता त्याचा लाल रंग नावालाही उरला नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडाला लागलेल्या आगीत टायर जळून तारांची वेटोळी उरली होती, सीटची नुसती लोखंडी वाटी राहिली होती, स्टेअरिंगचं चाक वितळून एका बाजूला लोंबत होतं.

हा पुन्हा उभा करावा की जाऊ द्यावा, एवढाच प्रश्न होता. आणि तो आज संध्याकाळच्या आत सोडवायचा होता.

तिच्या लेकाचं, सोमनाथचं, मत ठरलेलं होतं. "आई, नवा ट्रॅक्टर दारात उभा हाय. सगळी मशागत त्याच्यावर होऊ राह्यली. या सांगाड्याचं काय लोणचं घालायचं?" सोमनाथ मनानं वाईट नव्हता. भंगारवाल्याला त्यानं दारातूनच परत पाठवलं होतं. आईच्या जिवाला लागू नये म्हणून त्यानं बरंसं गिऱ्हाईक शोधून आणलं होतं. नाशिकच्या बाजूला द्राक्षाच्या मळ्यांत एक सुट्टीला येऊन राहायची जागा झाली होती, तिथला मयुरेश नावाचा तरुण मॅनेजर काल येऊन तांबड्या बघून गेला होता.

"आजी, याला अजिबात रंग देऊ नका," मयुरेश मोबाइलवर फोटो काढत म्हणाला होता. "हा जळका लूक आहे ना, तोच भारी आहे. आम्ही याला गेटपाशी उभा करू. बॉनेटमध्ये माती भरून बोगनवेल लावू. संध्याकाळी खालून पिवळा लाइट."

"बॉनेटमध्ये माती? मग इंजिन कुठं बसवशील?"

"इंजिन कशाला लागतंय आजी? तो चालायचा थोडाच आहे!"

कुसाबाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पण त्या पाहण्यानं पोराचा फोन खिशात गेला. तरी पोरगा गुणी. जाताना वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. परवा आमची गाडी इकडं येतेच आहे, उचलून नेऊ."

उचलून नेऊ. हे दोन शब्द कुसाबाईच्या डोक्यात रात्रभर माशीसारखे फिरत राहिले. सकाळी तिनं सोमनाथला सांगितलं, "निवृत्तीला बोलव. त्याच्या बापानं जन्मभर तांबड्याचं काम केलं. तो म्हणंल तसं करू."

"तो जे म्हणंल ते मान्य? नक्की?"

"मान्य."

निवृत्ती दुरुस्तीला हो म्हणेल, याची पक्की खात्री होती म्हणून ती मान्य म्हणाली होती. आता मात्र खात्री डळमळायला लागली होती आणि पाय थांबत नव्हते.

*

कुसाबाईचं माहेर येवल्याजवळचं. घर शेतकऱ्याचं, पण शेजारी पैठणीचे माग. लहानपणी ती तिथं रेशमाच्या कांड्या भरायला जायची. विणकराची बायको जेवायला उठली की कुसा हळूच मागावर बसायची. पायाखालच्या पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा, डोळे नक्षीवर ठेवायचे. हात एक करतोय, पाय दुसरं करतायत, नजर तिसरीकडं आहे, हे तिला कुणी शिकवलं नाही. ते तिच्या अंगातच होतं. पुढं लग्न होऊन चांदवडच्या शिवारात आली, आणि हे सगळं कांद्याच्या रोपांत आणि चुलीच्या धुरात विसरूनही गेली.

मग सावळीरामनं लिलावातून ट्रॅक्टर आणला. तो तेव्हाच म्हातारा होता, आधी दोन मालक करून आलेला. गाव हसलं. त्यातून त्याच हंगामात सावळीराम विहिरीच्या काठावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून बाजेवर पडला. रान तयार, बियाणं घरात, आणि ट्रॅक्टर दारात उभा. चालवायला माणूस मिळेना.

"तू चालव," बाजेवरून सावळीराम म्हणाला.

"मी?"

"तूच. बाकी कोण हाय इथं?"

आणि त्या घरात एक अजब तालीम सुरू झाली. बाजेसमोर पाट मांडला. पाटापुढं दोन विटा, डावी क्लचची, उजवी ब्रेकची. कुसाबाईच्या हातात पितळेची परात, ते स्टेअरिंग. आणि भाकरी परतायचं उलथनं जमिनीत रोवलेलं, तो गिअर. सावळीराम बाजेवरून ओरडायचा, "क्लच! आता दुसरा टाक! अगं हळू, समोर बांध हाय!" आणि ती खरोखरच बांध असल्यासारखी परात फिरवायची. मी मोठमोठ्या नाटक कंपन्यांच्या तालमी पाहिल्यात. पण इतक्या मन लावून केलेली तालीम क्वचितच कुठं झाली असेल.

प्रयोगाच्या दिवशी बांधावर ही गर्दी. नांगराचं पहिलं तास सापासारखं वाकडंतिकडं गेलं. दुसरं थोडं सरळ झालं. चौथ्या तासाला बांधावरची टवाळी बंद झाली. कुणीतरी जाता जाता घरात डोकावून बाजेवरच्या सावळीरामला टोमणा मारला, "काय राव, बायको ट्रॅक्टरवर नि तुम्ही बाजेवर. सैपाक कोण करू राह्यलंय?"

"तुझ्या घरून येतोय की डबा," सावळीराम म्हणाला. "तुला सांगितलं नाय का तुझ्या बायकोनं?"

मांडी बरी झाली, सावळीराम लंगडत का होईना चालायला लागला, पण तांबड्याचं चाक त्यानं परत मागितलं नाही. "तो तुझ्या हातावर गेलाय," म्हणायचा. "माझं ऐकायचा नाय आता." मग कुसाबाईनं काय काय केलं त्या ट्रॅक्टरवर! पंचक्रोशीतली रानं नांगरली. चांदवडच्या बाजारात कांद्याच्या ट्रॉल्या नेल्या, आणि पुरुषांच्या रांगेत ट्रॉली अशी उलटी लावली की मागचे लोक पानाची पिंक विसरून बघत राहिले. जत्रेतल्या नाटकाचे पडदे आणि पेट्या तिनंच वाहून आणल्या, आणि एकदा तर ओढ्याच्या चिखलात मांडीपर्यंत रुतलेल्या राजाला, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाला, मुकुटासकट दोर लावून बाहेर ओढलं. लोक तिला नावानं ओळखत नसत. आधी तांबड्याचा ढुगढुग आवाज यायचा आणि मग कुणीतरी म्हणायचं, "आली ट्रॅक्टरवाली."

सावळीराम गेला तेव्हाही ती आठवड्याच्या आत तांबड्यावर बसली होती. लोकांनी नावं ठेवली. तिला घरात बसवत नव्हतं, त्याला काय करणार?

एक मात्र होतं. तांबड्याला ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. सोमनाथनं थोडा हट्ट केला आणि शेवटी स्वतःचा नवा घेतला. आणि पल्लवी लग्न होऊन आल्यापासून त्याच्या पायरीवरसुद्धा कधी चढली नव्हती.

*

आग लागली त्या दिवशी कुसाबाई भाचीच्या लग्नाला येवल्याला गेली होती आणि सोमनाथ बाजारात. दुपारच्या वाऱ्यात वरच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी शेडाला लागून रचलेल्या मक्याच्या कडब्यावर पडली, आणि बघता बघता भडका झाला. मळ्यात पल्लवी एकटी. तिनं आधी गाय सोडली. मग फवारणीच्या टाकीची नळी ओढत ओढत शेडापर्यंत नेली आणि तांबड्यावर पाण्याचा मारा धरला. आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक धावत येईपर्यंत ती हलली नाही. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

रात्री कुसाबाई परतली तेव्हा सगळे सांगत होते, "सुनेनं वाचवला हो तुमचा तांबड्या! जिवाची पर्वा केली नाय पोरीनं." कुसाबाई तांबड्याभोवती फिरली, हात न लावता नुसती बघत राहिली. मग घरात येऊन पल्लवीच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाली, "मलम लावलं का?"

एवढंच. मनात पुष्कळ होतं, पण जिभेवर आलं नाही. आणि एकदा न आलेलं वाक्य पुढं रोज जास्तच जड होत जातं. महिना उलटला, पल्लवीच्या हातावर गुळगुळीत गुलाबी कातडी आली, तरी ते वाक्य दोघींच्या मधे तसंच पडून होतं.

*

निवृत्तीची मोटारसायकल दारात आली. पन्नाशीचा, बुटका, हेल्मेट काढल्यावर केस उभे राहिलेला माणूस. सातपूरला त्याचं लहानसं वर्कशॉप होतं.

"मावशी, पाय लागतो. लय वाळलात."

"तू लय सुटलास. आधी तो बघ."

"चहा तरी?"

"तो निवला," कुसाबाई म्हणाली आणि चालायला लागली.

निवृत्तीनं घाई केली नाही. आधी लांबून सगळीकडून पाहिलं, मग जवळ आला. सोमनाथला त्यानं आधीच फोनवरून इंजिनात डिझेल ओतून ठेवायला सांगितलं होतं. पुढं हँडल लावलं आणि दोन्ही हातांनी जोर केला. काही नाही. पुन्हा केला. काही नाही. तिसऱ्यांदा तांबड्याच्या पोटातून खरवडल्यासारखा आवाज आला आणि हँडल अर्धं फिरलं. मग पूर्ण फिरलं.

"फिरला!" कुसाबाई ओरडली. "फिरला की रं! सोमनाथ, बघितलंस? मेलेला फिरतो व्हय असा?"

"फिरला म्हणजे चालला नाय, आई."

"तू गप. लहानपणी तू तरी कुठं लगेच चालला होतास?"

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि तांबड्यावर चढली. लोखंडी वाटीत बसली. वितळलेल्या चाकावर हात ठेवले. किती दिवसांनी. डावा पाय क्लचवर गेला, आणि तिनं दाबला.

क्लच जागचा हलला नाही.

तिनं पुन्हा दाबला. ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली, गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली.

"धरलाय," ती म्हणाली.

"आगीनं गंजला असंल, आत्याबाई," पल्लवी लगेच म्हणाली.

"हां, गंजतो असा," निवृत्ती म्हणाला. "उतरा मावशी, मी बघतो. मला एखादा जुना फडका लागंल. नि खडू असंल तर खडू."

फडका आणायला पल्लवी निघाली होती, पण कुसाबाई तिच्या आधी उतरून घरात गेली. तिला थोडा वेळ कुणाच्या नजरेसमोर नको होतं. फडका सापडला, भिंतीवर हिशेब मांडायचा खडूही सापडला, आणि ती खिडकीशी आली. बाहेर निवृत्तीनं वाकून क्लचचा पेडल एका हातानं दाबला. पेडल मऊ लोण्यात गेल्यासारखा खाली गेला आणि परत वर आला. पल्लवीनं ते पाहिलं. निवृत्तीनं पल्लवीकडे पाहिलं.

घरात उभ्या उभ्या कुसाबाईनं डावा पाय उचलून पाहिला. गुडघा कुरकुरला. तिनं पाय हळूच खाली ठेवला आणि फडका घेऊन बाहेर गेली, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

*

"आता खरी परीक्षा," निवृत्ती म्हणाला. त्यानं इंजिनाच्या ब्लॉकची बाजू तारेच्या ब्रशनं घासून साफ केली, तिच्यावर डिझेल चोळलं, थोडा वेळ थांबला, मग फडक्यानं कोरडं ठाक पुसलं. खडूची पूड करून त्या जागेवर बोटानं पसरली. काळं लोखंड पांढरं झालं.

"हे कशाला?" सोमनाथनं विचारलं.

"लोखंडात तडा असंल तर त्यात डिझेल शिरलेलं असतं. पुसल्यावर आतच राहतं. नि थोड्या वेळानं खडूवर ओलं उमटतं. डोळ्यांना न दिसणारा तडा असा दिसतो."

सगळे बघत राहिले. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पांढऱ्या खडूवर काही नव्हतं. कुसाबाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होती. काही नाही. अजून काही नाही. मग एका ठिकाणी केसासारखी बारीक रेघ उमटली. ती हळूहळू खाली उतरली, वळली आणि अर्ध्या ब्लॉकपर्यंत गेली.

निवृत्तीनं जिभेनं चुक् केलं. खिळ्याच्या टोकानं तडा थोडा उकरला. आतलं लोखंड राखाडी आणि चकचकीत, नुकतं कापल्यासारखं.

"आगीनं नाय फुटला हा," तो म्हणाला. "तापलेल्या लोखंडावर गार पाण्याचा झोत बसला, त्यानं फुटला. पाणी कुणी मारलं?"

सोमनाथ पायाखालची माती बघायला लागला. ट्रेमधले कप एकमेकांना लागून किणकिणले.

"तो तडा जुना हाय," कुसाबाई म्हणाली.

"जुना?"

"जुना म्हणजे जुना. तुझ्या बापाला ठाऊक होता."

"आई, मागच्या पोळ्याला तू रेडिएटर भरलास तेव्हा मी शेजारीच होतो. एक थेंब गळत नव्हता," सोमनाथ म्हणाला.

"तुला काय कळतंय? तुला पाणी नि डिझेल सारखंच."

निवृत्तीनं खिळ्याच्या टोकाकडे पाहिलं, कुसाबाईकडे पाहिलं. खिळा खिशात टाकला. "मग जुनाच असंल," तो म्हणाला.

पल्लवीनं ट्रे जमिनीवर ठेवला. "नाय," ती म्हणाली. "मी आवाज ऐकला होता."

"कसला आवाज?"

"पाणी पडल्यावर. टण्ण झालं आतून. मला वाटलं डबा फुटला. मी अजून पाणी मारलं." तिचा आवाज चढायला लागला. "नंतर मी मोबाइलवर बघितलं, तापलेल्या लोखंडाचं काय होतं ते. तेव्हापासून मला ठाऊक हाय. सगळे म्हणू राह्यलेत वाचवला, वाचवला, नि मला ठाऊक हाय की मीच फोडला. तुम्ही महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाय, आत्याबाई. मला वाटलं तुम्हाला पण कळलंय."

"मला काय कळणार होतं? मी त्याच्याकडं बघूच शकत नव्हते धड."

"नि खरं सांगू? मला तो कधी आवडलाच नाय. धूर, आवाज, डिझेलचा वास. त्याला वाचवायला मी नव्हते गेले तिथं. मला एवढंच वाटलं, तुम्ही येवल्यावरून याल, नि हा नसला तर तुमचं काय होईल."

कुसाबाईनं पुढं होऊन तिचा भाजलेला हात हातात घेतला आणि त्या गुलाबी कातडीवरून अंगठा फिरवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "मी इथं असते तर मी पण पाणीच मारलं असतं. तुझ्यापेक्षा दुप्पट मारलं असतं. घर पेटल्यावर माणूस काय दूध मारतो?" आणि थोडं थांबून म्हणाली, "नि क्लच काय धरलेला नाय. खिडकीतून दिसतं घरातल्या."

पल्लवी आधी रडली आणि मग तिला हसू आवरेना. सोमनाथला त्यातलं काहीच कळलं नाही. त्यानं खाली बसून निमूटपणे चहाचा कप उचलला.

*

निवृत्ती ट्रॅक्टरखाली शिरला होता. मागच्या बाजूचा एक बोल्ट त्यानं सैल केला. गिअरबॉक्समधलं तेल बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. बाहेर आला तेव्हा चेहरा बदलला होता.

"वहिनी, इकडं या," त्यानं पल्लवीला हाक मारली. "हे बघा. तेल जळालेलं नाय. मागची गिअरची सगळी दातरं, सील, धड हायत. तुम्ही पाण्याचा मारा धरला नसता तर आग मागं सरकली असती नि हे पण गेलं असतं. पुढचं तुमच्या पाण्यानं फुटलं हे खरं. मागचं तुमच्या पाण्यानंच राहिलं, हे पण खरं."

"तडा सांधता येतो ना?" कुसाबाईनं विचारलं.

"येतो, मावशी. पिना मारून शिवतात बिडाला, ओतीव लोखंडाला. मी करून देतो. तांबडा रंग देऊ, नवे टायर घालू. सुरू पण होईल."

"पण?"

"पण नांगर ओढणार नाय. ओझं पडलं की शिवण उघडंल. पोळ्याला गावातून एक चक्कर मारंल, नि बाकीचं वर्ष तुम्ही त्याच्याकडं बघत बसाल."

कुसाबाई तांबड्याभोवती एक चक्कर मारून आली. "म्हणजे तो पोरगा नेऊ राह्यला होता, तसंच झालं. तिथं लोकांनी फोटो काढायचे, इथं मी बघायचं."

"तसंच म्हणा."

"मग नको." हे बोलताना तिचा आवाज बारीक झाला. निवृत्ती म्हणेल ते मान्य, असं तिनं सकाळी कबूल केलं होतं. पण नको म्हणायचं काम त्यानं तिच्यावरच टाकलं होतं. ती पुन्हा तांबड्याकडे वळली, पुन्हा परत आली. "मागच्या गिअरबॉक्सचं काय करतोस?"

निवृत्तीनं कान खाजवला. "येवल्याच्या अलीकडं एक कारभारी म्हणून हायत. त्यांच्याकडं याच जातीचा हाय. इंजिन ठणठणीत, पण गिअरबॉक्सची दातरं तुटली. दोन वर्षं झाली शोधू राह्यलेत, कुठं मिळंना. मला सारखा फोन करतात."

"लाव फोन."

"आत्ता?"

"मग काय पोळ्याला?"

निवृत्तीनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तिच्यासमोर धरला.

"कोण?" पलीकडून जाडाभरडा आवाज आला.

"मी चांदवडची कुसाबाई. तुमच्याकडं तांबडा ट्रॅक्टर हाय म्हणं."

"हाय. पण विकायचा नाय."

"मला घ्यायचा पण नाय. उभा कुठं करता?"

"शेडात. का?"

"शेडाला लागून कडबा हाय का?"

"...हाय थोडा."

"तो आजच्या आज हलवा."

"बाई, तुम्ही कोण म्हणाला?"

"तुम्हाला गिअरबॉक्स पाहिजे का नको?"

मग कारभारी हळूच म्हणाले, "तुमच्याकडं हाय?"

"हाय. पण कुणाच्या दारात जाऊ राह्यला ते मला कळायला नको? इंजिन सुरू करा. ऐकू द्या."

"आत्ता? अहो, मी जेवू राह्यलोय."

"जेवण कुठं पळू राह्यलंय?"

कारभारी पुटपुटले. पावलांचा आवाज आला, पत्र्याचं दार करकरलं, धाप ऐकू आली. आणि मग फोनमधून, जरा चिरका, जरा लांबचा, पण तोच आवाज आला. ढुग. ढुग. ढुगढुगढुग.

मळ्यात कुणी हललं नाही. सोमनाथच्या हातातला कप तसाच राहिला. त्या आवाजावर तो पाळण्यात झोपलेला होता. कुसाबाईनं डोळे मिटले. महिनाभर तिला बसू दिलं नव्हतं, जेवू दिलं नव्हतं, ते हेच होतं. हा आवाज आता या जगात नाही असं तिला वाटलं होतं, आणि तो येवल्याच्या अलीकडं कुणाच्या तरी शेडात चालू होता.

तिनं डोळे उघडले. "एक ठोका मागं पडतोय. व्हॉल्व्ह बघून घ्या."

"तोच तर मला पण वाटतं!" कारभारी उत्साहानं ओरडले. "पण पोरं ऐकत नायत माझं."

"चालवणार कोण?"

"मीच."

"वय?"

"ते कशाला?"

"क्लच दाबवतो का?"

जरा वेळ नुसता ढुगढुग आवाज येत राहिला. "दाबतो की," कारभारी म्हणाले. "दोन्ही पायांनी."

कुसाबाई हसली, मोकळी, डोकं मागं टाकून. निवृत्तीही हसायला लागला. "मी बघायला येते," ती फोनमध्ये म्हणाली. "पसंत पडलं तर निवृत्ती आमचा ट्रॅक्टर फोडून मागचा भाग तुमच्याकडं आणंल. देण्याघेण्याचं सोमनाथ बोलंल."

"कधी येता?"

"निघालेच."

फोन बंद झाला. "आई, त्या मयुरेशला काय सांगू?" सोमनाथनं विचारलं.

"सांग, हा चालायचा हाय." मग ती तांबड्याजवळ गेली, त्याच्या काळ्या पडलेल्या नाकावर तळहात टेकवला आणि उचलला. हाताला काजळी लागली, ती तिनं पुसली नाही. "निवृत्ती, पान्हे काढून ठेव. पण मी येईस्तोवर हात लावायचा नाय."

"मावशी, जेवून तरी जा."

ती फाटकापर्यंत पोहोचलीसुद्धा होती. पल्लवीनं स्कूटी काढली, सासूला मागं बसवलं आणि चांदवडच्या स्टँडवर नेलं. येवल्याकडं जाणारी एसटी लागलेलीच होती. तिला एकटीला सोडायला पल्लवीचं मन घेईना, म्हणून स्कूटी तिथंच लावून तीही चढली. कुसाबाई खिडकीशी बसली, जराशानं उठून पल्लवीला खिडकीत सरकवलं, मग पुन्हा खिडकी मागून घेतली. गाडी फाट्यावरून वळली तरी तिचं चालूच होतं.

"काय गं," तिनं पल्लवीला कोपरानं ढोसलं, "त्यानं कडबा हलवला असंल का?"